खूण एकच हवी

मेट्रोच्या मरोळ नाका स्थानकात चालताना पायांखाली पिवळ्या फरश्यांची एक पट्टी लागते. काही फरश्यांवर लांबट, समांतर उंचवटे असतात, तर काहींवर गोल ठिपके. घाईत असलेल्या प्रवाशाला ती नक्षी वाटते. माझ्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक पूर्णपणे अंध आहेत. त्यांच्याबरोबर एकदा या स्थानकात जाण्याचा योग आला. मी सवयीने त्यांचा हात धरू लागलो, तेव्हा ते म्हणाले, “राहू द्या. इथं मला फरशी सांगते.”

फरशी काय सांगते, हे त्यांनी मला चालता चालता समजावून दिले. लांबट उंचवटे म्हणजे ‘या दिशेने चला’. गोल ठिपके म्हणजे ‘थांबा, पुढे काहीतरी आहे’. ते ‘काहीतरी’ म्हणजे जिना असेल, वळण असेल किंवा फलाटाची कड असेल. या भाषेत दोनच शब्द आहेत. पण त्या दोन शब्दांच्या आधारावर सर अनोळखी स्थानकात एकटे फिरू शकतात.

काही दिवसांनी उपनगरातल्या एका पदपथावरून आम्ही जात होतो. तिथेही पिवळ्या फरश्या बसवलेल्या होत्या. पण कोणीतरी पदपथाच्या पूर्ण लांबीवर ठिपक्यांच्याच फरश्या लावल्या होत्या. सर दोन पावले चालले आणि थांबले. काठीने समोर चाचपडले. काहीच नव्हते. पुन्हा दोन पावले, पुन्हा थांबले. पुढे एके ठिकाणी लांबट उंचवट्यांची पट्टी थेट विजेच्या खांबाशी जाऊन संपत होती. सर हसून म्हणाले, “अहो, फरशी नसती तरी चाललं असतं, माझी काठी आहे. पण खोटं बोलणारी फरशी नको.”

त्या पदपथावर खर्च झाला होता आणि सामानही योग्य आणले होते. तरी सोय झाली नाही, कारण खुणेचा अर्थ पाळला गेला नाही. सोय पुरवली की काम संपले, असे आपल्याला वाटते. परंतु सोयीची खूण जर ठिकाणानुसार बदलत असेल, तर ती सोय न राहता कधी कधी धोका बनते. हे शहाणपण समाजाला सहजासहजी आलेले नाही. ते कसे आले, कुठे निसटले आणि पुन्हा कसे मिळवावे लागले, याचा इतिहास बोधप्रद आहे. त्यातला एक महत्त्वाचा भाग आपल्या देशात, आपल्या भाषांच्या बाबतीत घडलेला आहे.

सहा ठिपके

या इतिहासाची सुरुवात लुई ब्रेलपासून करावी लागते. फ्रान्समधील कुव्रे या गावी ४ जानेवारी १८०९ रोजी त्याचा जन्म झाला. वडील घोड्यांचे खोगीर आणि चामड्याचे इतर सामान तयार करत. तीन वर्षांच्या लुईच्या डोळ्यात वडिलांच्या कामाचे टोकदार हत्यार घुसले आणि पुढे त्याची दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. पॅरिसच्या अंधशाळेत असताना त्याला शार्ल बार्बिए याने तयार केलेली उठावदार ठिपक्यांची पद्धत माहीत झाली. तीत एका चिन्हासाठी बारा ठिपक्यांपर्यंत जागा लागे. बोटाच्या टोकाखाली ते चिन्ह एकदम मावत नसे. बोट वरखाली फिरवावे लागे.

लुईने ठिपके निम्म्यावर आणले. दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत तीन ठिपके. डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. हे घर बोटाच्या एका स्पर्शात मावते. प्रत्येक ठिपका उठलेला किंवा न उठलेला, अशा दोनच शक्यता असल्यामुळे एकूण २ × २ × २ × २ × २ × २ म्हणजे ६४ रचना होतात. कोरे घर वगळले तर ६३ चिन्हे उरतात. १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने ही पद्धत बसवली आणि १८२९ साली ती प्रसिद्ध झाली.

सहा ठिपक्यांची कल्पना तेजस्वी होती, परंतु कोणत्या रचनेला कोणते अक्षर म्हणायचे हा शेवटी केवळ संकेत आहे. ठिपका क्रमांक १ म्हणजे ‘ए’, हे निसर्गाने ठरवलेले नाही. म्हणूनच तेथे मतभेदाला जागा होती, आणि मतभेद झालेही.

ठिपक्यांचे युद्ध

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अंधांसाठी अनेक लिप्या एकाच वेळी चालू होत्या. विल्यम बेल वेट यांनी १८६८ साली ‘न्यूयॉर्क पॉइंट’ ही पद्धत आणली. तिच्या घराची उंची दोनच ठिपक्यांची होती आणि रुंदी अक्षरानुसार बदलत असे. १८७८ साली जोएल स्मिथ यांनी ‘अमेरिकन ब्रेल’ तयार केली. तीत सहाच ठिपके होते. पण भाषेत जी अक्षरे वारंवार येतात त्यांना कमीत कमी ठिपके द्यायचे, असे धोरण होते. शिवाय मूळ ब्रेल होतीच आणि साध्या रोमन अक्षरांचे उठाव असलेली पुस्तकेही होती.

यातली कोणतीही पद्धत मूर्खपणाची नव्हती. वेट यांच्या पद्धतीत कागद वाचत होता. स्मिथ यांच्या पद्धतीत लिहिणाऱ्याचे श्रम वाचत होते. प्रत्येक जण आपली पद्धत अधिक शास्त्रीय असल्याचे दाखवू शकत होता. परिणाम मात्र असा झाला, की एका गावच्या शाळेत शिकलेल्या मुलाला दुसऱ्या गावचे पुस्तक वाचता येईना. आधीच थोडी असलेली पुस्तके तीन-चार लिप्यांत विभागली गेली. हेलन केलर यांच्यासारख्या विदुषीलाही एकाहून अधिक लिप्या शिकाव्या लागल्या. हा वाद इतका कडवट झाला, की इतिहासात तो ‘ठिपक्यांचे युद्ध’ या नावाने ओळखला जातो. १९०९ साली न्यूयॉर्क शहराच्या शाळांमध्ये कोणती लिपी वापरायची यावर जाहीर सुनावण्या घ्याव्या लागल्या. इंग्रजी भाषकांची एकच प्रमाण ब्रेल ठरायला १९३२ साल उजाडले.

या वादातून निघणारा निष्कर्ष विज्ञानाच्या शिक्षकाला थोडा विचित्र वाटेल. दहा टक्के सरस असलेल्या चार निरनिराळ्या पद्धतींपेक्षा सर्वांनी मानलेली एक साधारण पद्धत वाचकाच्या अधिक उपयोगाची ठरते. मोजमापाच्या एककांबाबत आपण हेच शिकवतो. कोणत्या गावचा हात अधिक सोयीचा यावर वाद घालत बसण्यापेक्षा सर्वांनी मीटर मानणे शहाणपणाचे.

एक देश, अनेक ब्रेल

भारतात अंधशिक्षणाचा आरंभ १८८७ साली अमृतसर येथे ॲनी शार्प या मिशनरी बाईंनी काढलेल्या संस्थेपासून मानला जातो. १८९० साली दक्षिणेत पाळयंकोट्टै येथे शाळा निघाली. १८९७ साली कलकत्त्यात लालबिहारी शाह यांनी अंधशाळा स्थापन केली. मुंबईत १९०० साली ॲना मिलर्ड यांनी अमेरिकन मिशनतर्फे शाळा सुरू केली. हीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून नावारूपाला आली. पाठोपाठ १९०२ साली व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा सुरू झाली. तिची धुरा डॉ. नीलकंठराय छत्रपती यांनी सांभाळली. ते स्वतः वैद्यकीय व्यवसायात असताना अंध झालेले होते.

या सर्वांनी मोठ्या तळमळीने काम केले. प्रत्येकासमोर प्रश्न एकच होता : फ्रेंच अक्षरांसाठी बनवलेल्या ६३ चिन्हांत आपली वर्णमाला कशी बसवायची? आणि प्रत्येकाने त्याचे उत्तर स्वतंत्रपणे शोधले. पाळयंकोट्टैची तमिळ ब्रेल वेगळी, कलकत्त्याची ‘शाह ब्रेल’ वेगळी, मुंबईत नीलकंठराय यांची वेगळी, म्हैसूरची वेगळी, उत्तरेत शिरिफ यांची वेगळी. नोल्स आणि गार्थवेट या दोघांनी पौर्वात्य भाषांसाठी मिळून एक ‘ओरिएंटल ब्रेल’ सुचवली, पण ती या यादीत आणखी एक भर ठरली. एकीकरणासाठी काढलेली योजना स्वतःच एक नवा फाटा बनते, हा अनुभव पुढेही अनेकदा आला.

या अवस्थेचा भुर्दंड विद्यार्थ्याला बसे. मुंबईत शिकलेला मुलगा उत्तरेत गेला तर भाषा ओळखीची असूनही तिथली पुस्तके त्याच्या बोटांना परकी. इंग्रजी शिकायचे तर पुन्हा नवी चिन्हे. शिवाय ब्रेल पुस्तक छापणे हे खर्चिक काम. जस्ताच्या पत्र्यावर ठिपके उमटवून घ्यावे लागत. एका लिपीचे वाचक शेदोनशे असतील तर तिच्यासाठी छापखाना कोण काढणार? परिणामी बहुतेक शाळांत शिक्षकांनी हाताने टोचून काढलेली थोडी पुस्तके, एवढेच ग्रंथालय.

१९४० च्या दशकाच्या आरंभी केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने नेमलेल्या समितीने संपूर्ण भारतासाठी एकच ब्रेल तयार केली. त्यावर आक्षेप घेणाऱ्यांत सर क्लुथा मॅकेंझी हे न्यूझीलंडचे गृहस्थ प्रमुख होते. १९१५ साली गॅलिपोलीच्या लढाईत त्यांची दृष्टी गेली होती. दुसऱ्या महायुद्धात अंध झालेल्या भारतीय सैनिकांसाठी डेहराडूनला जे केंद्र निघाले, त्याचे ते प्रमुख होते. त्यांचा मुद्दा असा होता : भारताने आपल्यापुरती एकी केली हे चांगले, पण भारतीय चिन्हे जगातल्या ब्रेलपेक्षा निराळी ठेवली, तर इंग्रजी शिकणाऱ्या प्रत्येक भारतीय मुलाला दोन विसंगत लिप्या शिकाव्या लागतील. ‘क’ हा ध्वनी इंग्रजीत ज्या ठिपक्यांनी दाखवतात, त्याच ठिपक्यांनी मराठीत का दाखवू नये?

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही विचार करण्याजोगे होते. आपली वर्णमाला शास्त्रीय आहे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य असे तिचे वर्ग आहेत. नवी लिपी बनवताना ही मांडणी ठिपक्यांतही आणता आली असती. जगाच्या चिन्हांना बांधून घेतले, तर ते सौंदर्य हरवते.

स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने एप्रिल १९४९ मध्ये हा प्रश्न युनेस्कोकडे नेला. इतर देशांतही असाच गोंधळ असल्याचे तेव्हा ध्यानात आले. मार्च १९५० मध्ये पॅरिसला आणि फेब्रुवारी १९५१ मध्ये बैरूतला परिषदा झाल्या. त्यात ठरलेले तत्त्व सोपे होते : ध्वनी समान असेल तर चिन्ह शक्यतो समान ठेवावे, मग लिपी कोणतीही असो. या तत्त्वावर १९५१ साली ‘भारती ब्रेल’ स्वीकारली गेली. त्याच वर्षी डेहराडूनला केंद्रीय ब्रेल छापखाना सुरू झाला. पाठोपाठ १९५२ च्या जानेवारीत मुंबईत राष्ट्रीय अंध संस्था, म्हणजेच ‘नॅब’, स्थापन झाली.

भारती ब्रेलची रचना

भारती ब्रेल कशी चालते हे एका उदाहरणाने पाहू. ‘मरोळ’ हा शब्द घ्या. ‘म’ म्हणजे १-३-४, ‘र’ म्हणजे १-२-३-५, ‘ओ’ म्हणजे १-३-५ आणि ‘ळ’ म्हणजे ४-५-६. अशी चार घरे झाली. पहिली तीन चिन्हे इंग्रजीतील ‘एम’, ‘आर’ आणि ‘ओ’ यांचीच आहेत. ‘ळ’ इंग्रजीत नाही, म्हणून त्याला निराळे चिन्ह दिले. बंगाली, तमिळ, कन्नड यांची छापील ‘म’ अक्षरे एकमेकांशी जुळत नाहीत. ब्रेलमध्ये मात्र ती सर्व १-३-४ आहेत. डोळ्यांनी वाचणाऱ्याला शेजारच्या राज्याची पाटी वाचण्यासाठी नवी लिपी शिकावी लागते. भारती ब्रेलच्या वाचकाला ती अक्षरे आधीच येत असतात.

मात्रांना वेगळी चिन्हे नाहीत. स्वर हेच मात्रेचे काम करतात आणि ते उच्चाराच्या क्रमाने येतात. छापील ‘कि’मध्ये वेलांटी आधी दिसते, ब्रेलमध्ये आधी ‘क’ आणि मग ‘इ’ (२-४). मग ‘कई’ हा शब्द ‘की’पासून वेगळा कसा ओळखायचा? मध्ये ‘अ’ (ठिपका १) घालतात. जोडाक्षरासाठी हलन्ताचे चिन्ह, म्हणजे ठिपका ४, त्या व्यंजनाच्या आधी येते. त्यामुळे ‘विद्या’ हा शब्द व, इ, हलन्त, द, य, आ असा सहा घरांत बसतो. वाचकाला ‘पुढचे व्यंजन पाय मोडलेले आहे’ अशी आगाऊ सूचना मिळते.

यात काही गमावलेही आहे. क (१-३), ख (४-६), ग (१-२-४-५), घ (१-२-६) ही चार भावंडे आहेत, हे ठिपके चाचपून कळत नाही. तो आक्षेप खोटा नव्हता. परंतु मुलाच्या हातात पुस्तके अधिक यावीत हे ज्याला महत्त्वाचे वाटते, तो हा तोटा पत्करील. १९५१ साली तो जाणूनबुजून पत्करला गेला, हेच मला त्या निर्णयातले मोठेपण वाटते.

पायाखालची लिपी

जपानमध्ये हाच इतिहास पुन्हा घडला, या वेळी बोटांऐवजी पायांच्या बाबतीत. ओकायामा येथील सेइइची मियाके यांनी १९६५ साली उंचवट्यांच्या फरशीची कल्पना काढली. १८ मार्च १९६७ रोजी ओकायामाच्या अंधशाळेजवळच्या रस्त्यावर अशा २३० फरश्या प्रथम बसवल्या गेल्या. पुढे रेल्वे स्थानकांनी त्या स्वीकारल्या आणि त्यांचा झपाट्याने प्रसार झाला.

प्रसाराबरोबर गोंधळही आला. अनेक कारखान्यांनी आपापल्या फरश्या काढल्या. ठिपक्यांची संख्या, आकार, उंची आणि अंतर निरनिराळे. बोटांना जेवढे बारकावे कळतात तेवढे बुटातल्या पायाला कळत नाहीत. उंचवटे फार जवळजवळ आले की ठिपके आणि पट्टे यांतला फरक पुसला जातो. शेवटी अंध व्यक्तींना प्रत्यक्ष चालायला लावून प्रयोग झाले आणि २००१ साली जपानने या फरश्यांचे प्रमाण ठरवले. उंचवटा ५ मिलिमीटर, दोनच नमुने, दोनच अर्थ. पहिल्या फरशीपासून त्या प्रमाणापर्यंत ३४ वर्षे गेली. २०१२ साली याच विषयावर आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. पिवळा रंग अंशतः दिसणाऱ्यांसाठी असतो. करड्या जमिनीवर तो उठून दिसतो.

८ जून २०१४ रोजी मुंबईची पहिली मेट्रो सुरू झाली तेव्हा मरोळ नाका तिच्या बारा स्थानकांपैकी एक होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथेच भुयारी मेट्रोचेही स्थानक सुरू झाले. एक मार्ग रस्त्याच्या वर, दुसरा जमिनीखाली. दोन्ही निराळ्या संस्थांनी बांधले. वरून खाली जाणाऱ्या अंध प्रवाशाला मात्र कोणी काय बांधले याच्याशी कर्तव्य नसते. ठिपका म्हणजे ‘थांबा’, हा अर्थ जिना उतरताना बदलता कामा नये.

घडी विस्कटते तेव्हा

एकदा मिळवलेली एकवाक्यता पुन्हा हरवू शकते. याचे उदाहरण आपल्या खिशातच आहे. १९९६ पासून निघालेल्या नोटांवर अंधांसाठी उठावाच्या खुणा होत्या : शंभरावर त्रिकोण, पाचशेवर वर्तुळ. शिवाय लांबी हीसुद्धा मोठी खूण होती. जुनी पन्नासाची नोट १४७ मिलिमीटर, शंभराची १५७, पाचशेची १६७. दहा-दहा मिलिमीटरची पायरी. दुमडलेल्या, झिजलेल्या नोटेवरची उठावाची खूण बोटाला लागली नाही तरी बोटांवर नोट मोजून किंमत कळे.

२०१६ पासून नवी मालिका आली. नवी शंभराची नोट १४२ मिलिमीटर, दोनशेची १४६, पाचशेची १५०. आता पायरी चार मिलिमीटरची. त्रिकोण आणि वर्तुळ या खुणा राहिल्या, त्यांच्या जोडीला कडेच्या उठावरेषाही आल्या. पण खरी अडचण निराळीच आहे. जुन्या शंभराच्या आणि पन्नासाच्या नोटा रद्द झालेल्या नाहीत. त्यामुळे आज चलनात असलेली जुनी शंभराची नोट नव्या पाचशेपेक्षा सात मिलिमीटर लांब आहे, आणि जुनी पन्नासाची नव्या दोनशेपेक्षा एक मिलिमीटर लांब. जुन्या नोटांची रुंदी ७३ मिलिमीटर आणि नव्यांची ६६, म्हणून दोन्ही हातांत असल्या तर फरक कळतो. पण ‘लांब म्हणजे मोठी’ हा वर्षानुवर्षांचा नियम मोडला.

नॅबने २०१९ साली हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात नेला. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये नोट ओळखून किंमत बोलून दाखवणारे ‘मनी’ हे मोबाइल ॲप काढले. ते उपयुक्त आहे. तरीही भाजीवाल्यापुढे उभे राहून प्रत्येक नोटेवर मोबाइल धरणे आणि खिशातल्या खिशात बोटाने नोट ओळखणे, यांत फरक आहेच.

नियम लिहिण्याची रीत

आतापर्यंत आपण खुणांचा विचार केला. पण खुणा कशा वापरायच्या याचे नियमही कोणीतरी लिहितो आणि कोणीतरी वाचतो. त्या नियमांच्या मांडणीतही एकवाक्यता लागते. ज्या पदपथावर आमचे सर अडखळले तिथल्या गवंड्याचा दोष किती? त्याच्यापर्यंत ‘ठिपक्यांची फरशी कुठे लावू नये’ हे वाक्य बहुधा पोचलेच नसावे.

मरोळ एमआयडीसी आणि शेजारचे सीप्झ इथे आज असंख्य तरुण संगणकाच्या पडद्यावर दिसणारी पाने तयार करतात. मोठ्या कामासाठी ते आधी एक ‘डिझाइन सिस्टिम’ बनवतात. बटण, अर्ज, यादी, इशारा असा प्रत्येक घटक एकदाच आखायचा, त्याची माहिती एका पानावर लिहायची आणि सर्वांनी तोच वापरायचा. अंध व्यक्ती संगणक वापरते तेव्हा एक प्रणाली पडद्यावरचा मजकूर तिला वाचून दाखवते. त्यासाठी प्रत्येक घटकाच्या बाबतीत काही काळजी घ्यावी लागते. आता समजा, बटणाच्या पानावर ही काळजी सुरुवातीला लिहिली आहे, अर्जाच्या पानावर ती तळटीपेत आहे आणि यादीच्या पानावर तिचा उल्लेखच नाही. वाचणारा समजतो, यादीसाठी काही करावे लागत नाही. खरे तर लिहिणारा विसरलेला असतो. म्हणून शिस्त अशी हवी : प्रत्येक पानावर ही माहिती एकाच जागी, एकाच क्रमाने, त्याच शब्दांत असावी, आणि खरोखरच काही करायचे नसेल तर तसेही स्पष्ट लिहावे. मौनाचे दोन अर्थ निघता कामा नयेत.

जागतिक पातळीवर वेबच्या सुगमतेची मार्गदर्शक तत्त्वे ५ मे १९९९ रोजी प्रथम प्रसिद्ध झाली. २००८ साली त्यांची दुसरी आवृत्ती निघाली. तिच्यात प्रत्येक निकषाला क्रमांक आहे आणि तो निकष तपासून पाहता येतो. उदाहरणार्थ, सर्वसाधारण आकाराची अक्षरे आणि त्यांची पार्श्वभूमी यांच्या तेजस्वितेचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे. २०१८ आणि २०२३ साली भर पडली तेव्हा जुने क्रमांक बदलले नाहीत. २०२३ मध्ये ‘४.१.१’ हा निकष कालबाह्य म्हणून वगळला, पण तो क्रमांक दुसऱ्या निकषाला दिला नाही. जागा रिकामी ठेवली. नोटांच्या लांबीची गोष्ट आठवली की या रिकाम्या जागेचे मोल कळते.

इमारती, रस्ते आणि वाहने यांबाबत आपल्याकडे तत्त्वांची उणीव नव्हती. २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला, २०१७ साली त्याखालचे नियम आले, आणि निरनिराळ्या खात्यांच्या निरनिराळ्या मार्गदर्शिकाही निघाल्या. पण त्यांपैकी अवश्य काय पाळायचे आणि जमल्यास काय पाळायचे, ही रेघ पुसट होती. राजीव रतुरी या अंध नागरिकाने २००५ साली दाखल केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी नेमके हेच दाखवून दिले. कायद्याला सक्तीचे नियम अभिप्रेत असताना नियम १५(१) मध्ये केवळ शिफारशींची जंत्री आहे, म्हणून तो कायद्याशी विसंगत ठरवला गेला. किमान अनिवार्य मानके वेगळी काढून तीन महिन्यांत ठरवावीत, असा आदेश सरकारला दिला गेला. ‘करावे’ आणि ‘केले पाहिजे’ यांतला फरक व्याकरणाच्या तासाला आपण शिकवतो. एका अंध प्रवाशाच्या दृष्टीने तो फलाटाच्या कडेइतकाच खरा आहे.

वर्गात करून पाहा

या विषयावर विद्यार्थ्यांकडून तीन गोष्टी करून घेता येतील. जाड कागदावर सहा ठिपक्यांची घरे आखून प्रत्येकाने आपल्या गावाचे नाव भारती ब्रेलमध्ये लिहावे. कागद उलटा ठेवून टोचले की उठाव वरच्या बाजूला येतो, त्यामुळे लिहिताना उजवीकडून डावीकडे जावे लागते आणि प्रत्येक घर आरशातल्यासारखे उलटे टोचावे लागते. हे मुलांना स्वतः शोधू द्यावे. दुसरे, घरातल्या जुन्या-नव्या नोटांची लांबी-रुंदी मोजून तक्ता करावा आणि डोळे मिटून त्या ओळखता येतात का ते पाहावे.

तिसरी गोष्ट शाळेबाहेरची. गावात, स्थानकावर किंवा बँकेच्या दारात पिवळ्या फरश्या असतील तर त्या पाहून याव्यात. ठिपके कुठे आहेत, पट्टे कुठे, पट्टा कुठे जाऊन संपतो, मध्ये दुचाकी उभ्या आहेत का, याची नोंद वहीत करावी. जिथे फरशी खोटे बोलते आहे तिथले चित्र काढून संबंधित कार्यालयाला वर्गातर्फे पत्र पाठवावे. मरोळच्या आमच्या सरांना मी ही कल्पना सांगितली तेव्हा त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली. ते म्हणाले, “पत्रात ‘फरशी बसवा’ असं लिहू नका. ‘फरशीचा अर्थ पाळा’ असं लिहा.”